दार नंतर बघा, आधी पाय कुठे जातात ते बघा

बिझनेस क्लासच्या सीटला हल्ली जे सरकतं दार येतं त्याबद्दल बऱ्याच वाचकांनी विचारलंय. एअर इंडियाची एअरबस ए३५० विमानं जानेवारी २०२४ मध्ये सेवेत आली, त्यांच्या बिझनेस क्लासमध्ये दारवाल्या २८ सीट आहेत, आणि तेव्हापासून आपल्याकडे ही चर्चा घरोघरी पोचली. माझं कामाचं आयुष्य विमानाच्या केबिनमध्ये सीट बसवण्यात आणि त्या तपासून पास करून घेण्यात गेलं. म्हणून हे सदर आज पूर्ण याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : मी आणि माझी पत्नी, दोघंही सत्तरीच्या पुढचे, मुलाकडे न्यू जर्सीला निघालोय. तिकीट मुलगाच काढतोय. एका कंपनीच्या विमानात दार असलेली सीट आहे, दुसरीच्या विमानात नाही. दोघांचे मिळून लाखभर रुपये जास्त पडतात. मुलगा म्हणतो घेऊ या. तुम्ही काय सांगाल? (कोथरूड, पुणे)

नुसत्या दारासाठी लाख रुपये घालवू नका. तुमच्या बाबतीत तर मुळीच नको.

बिझनेस क्लासमध्ये गेल्या पंचवीस वर्षांत तीन मोठे बदल झाले. पहिला, सीट पूर्ण आडवी होऊन तिचा सपाट बेड होणं. ब्रिटिश एअरवेजने २००० साली ते बिझनेस क्लासमध्ये आणलं. दुसरा, प्रत्येक सीटवरून शेजाऱ्याला न ओलांडता थेट मधल्या वाटेत उतरता येणं. तिसरा म्हणजे दार. कतार एअरवेजने २०१७ मध्ये क्यूस्वीट नावाची दारवाली सीट आणली, त्याच वर्षी अमेरिकेच्या डेल्टाची दारवाली सीट उडू लागली आणि मग सगळ्यांची चढाओढ लागली. या तिन्हींचं मोल सारखं नाही. सपाट बेडने रात्रीचा प्रवासच बदलून टाकला. थेट वाटेने म्हाताऱ्या माणसाची बाथरूमची काळजी मिटवली. दाराने त्यावर थोडी भर घातली, इतकंच.

सत्तरीनंतर रात्रीतून दोन-तीनदा उठावं लागतं. केबिनमध्ये अंधार असतो, दाराची खिटी कुठे आहे ते चाचपावं लागतं, झोपेत दार ढकलायचं की ओढायचं हेही आठवत नाही. अशी सीट मिळालीच तर दार उघडं ठेवूनच झोपा, कुणी काही म्हणत नाही.

तुम्ही दोघं एकत्र आहात, तेव्हा मुलाला सांगा की मधल्या दोन सीट घे. मांडणी १-२-१ असेल, म्हणजे दोन्ही खिडक्यांकडे एकेक आणि दोन वाटांच्या मध्ये दोन सीट असतील, तर मधल्या जोडीतला पडदा खाली सरकवता येतो. पण इथेही विमानागणिक फरक आहे. एमिरेट्सचं मुंबईला येणारं ए३८० घ्या. त्यात दार नाही, पण मधल्या जोड्यांमध्ये एका रांगेत ई आणि एफ या सीट अगदी खेटून आहेत, तर तिच्या मागच्या रांगेत डी आणि जी यांच्यामध्ये टेबलं येतात. एकाच विमानात एक जोडपं हातात हात घालून बसतं, आणि मागच्या रांगेतल्या जोडप्याला एकमेकांशी बोलायला वाकावं लागतं. पत्नीला विमानात धास्ती वाटत असेल तर हा फरक दारापेक्षा शंभरपटीने महत्त्वाचा.

तोच लाख रुपये देऊन मधला थांबा टळत असेल, तर मात्र डोळे मिटून द्या. पहाटे तीनला परक्या विमानतळावर गेट शोधत फिरण्यापेक्षा एकदाच बसून एकदाच उतरणं तुमच्या गुडघ्यांना परवडेल. आणखी एक. भारतात काढलेल्या बिझनेस क्लासच्या तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १२ ऐवजी १८ टक्के झाला आहे. तुलना करताना कर धरूनच रक्कम बघा.

प्रश्न : कामानिमित्त मी मुंबईहून युरोपला वरचेवर एकटी जाते. शेजारच्या किंवा वाटेपलीकडच्या प्रवाशाच्या नजरा आणि जबरदस्तीच्या गप्पा यांचा मला खरोखर त्रास होतो. दार असेल तर फरक पडतो का, की ती नुसती जाहिरात आहे? (ठाणे)

तुमच्यासाठी फरक पडतो. दार घेण्याला जी मोजकी ठोस कारणं आहेत त्यातलं हे पहिलं. झोपलेल्या बाईकडे येता-जाता कुणी बघू नये ही अपेक्षा साधी आहे, आणि त्यासाठी पैसे मोजावे वाटले तर त्यात चैनीचं काहीच नाही.

फक्त दार काय करतं आणि काय करत नाही ते नीट माहीत असू द्या. ते छतापर्यंत जात नाही. बसलेल्या माणसाचं डोकं झाकलं जाईल एवढीच बहुतेक दारांची उंची असते. उभा माणूस वरून आत बघू शकतो, आणि तसं मुद्दामच ठेवलेलं असतं, कारण केबिन क्रूला प्रत्येक प्रवासी दिसला पाहिजे. त्याला आतून कुलूप नसतं. टेक-ऑफ आणि लँडिंगला ते उघडं अडकवून ठेवावंच लागतं. कित्येक सीटवर दार पूर्ण ओढलं तरी दोन बोटांची फट राहते.

तुमचा आडोसा खरा तयार होतो तो सीटच्या पाठीमागून वळून पुढे आलेल्या भिंतीने आणि सीट कुठल्या कोनात लावली आहे त्याने. सीट खिडकीकडे तोंड करून तिरकी बसवलेली असेल तर दार नसतानाही वाटेतून जाणाऱ्याला तुमचा चेहरा दिसत नाही. सीट सरळ पुढे बघणारी आणि वाटेला चिकटलेली असेल तर मात्र दार नसताना तुम्ही अगदी उघड्यावर.

म्हणून सीट निवडताना नकाशात एक गोष्ट बघा. कित्येक विमानांत खिडकीकडच्या सीट आळीपाळीने लावलेल्या असतात, एका रांगेत सीट खिडकीला लागून आणि टेबल वाटेकडे, पुढच्या रांगेत उलट. ज्या रांगेत टेबल वाटेकडे आहे ती घ्या. भाडं बहुतेक वेळा तेच असतं, आणि तुमच्या आणि वाटेच्या मध्ये हातभर रुंदीचं टेबल येतं. मघाच्या ए३८० मध्ये ए आणि के या सीट अशा आहेत.

दार असूनही कुणी त्रास दिलाच तर ताबडतोब क्रूला बोलवा आणि सीट बदलून मागा. संकोच करू नका, अशा तक्रारी हाताळण्याचं प्रशिक्षण त्यांना दिलेलं असतं.

प्रश्न : माझी उंची सहा फूट तीन इंच आहे. मागच्या वेळी बिझनेस क्लासचे पैसे भरूनही रात्रभर पाय आखडून झोपलो. सीट नवी कोरी होती, दारही होतं. असं कसं? (सातारा)

या प्रश्नाची मी वाटच बघत होतो, कारण जाहिरातीत हे कधीच सांगत नाहीत.

बेडची लांबी साडेसहा फूट लिहिलेली असते आणि ती खोटी नसते. पण त्या लांबीतला शेवटचा दीड-दोन फुटांचा भाग हा पुढच्या प्रवाशाच्या बाजूच्या टेबलाखाली शिरणारा बोगदा असतो. तुमची पावलं त्यात जातात. हा बोगदा किती रुंद, किती उंच, हेच खरं माप. उताणं झोपलं की पावलं उभी राहतात, आणि मोठ्या पावलाचे अंगठे बोगद्याच्या छताला टेकतात. कुशीवर वळायचं म्हटलं तर गुडघे बोगद्याच्या तोंडाशी अडतात. मग माणूस पाय बाहेर काढून आखडून झोपतो. तुमचं हेच झालं असणार.

यात दाराचाही हात आहे. विमानाची रुंदी ठरलेली आहे. मधली वाट किती रुंद हवी याचाही नियम आहे: जमिनीपासून २५ इंचांपर्यंत किमान १५ इंच आणि त्याच्या वर किमान २० इंच. म्हणजे वाटेतून एक इंचही चोरता येत नाही. दार सरकून जिथे बसतं त्या भिंतीची जाडी, त्याचा रूळ, खिटी हे सगळं प्रवाशाच्याच वाट्याच्या जागेतून निघतं. कुशल डिझायनर ते टेबलाखालून, हाताच्या टेकूतून थोडं थोडं काढतो. घाईत केलेल्या कामात खांद्याची नाहीतर पायाची जागा जाते. जुन्या सीटच्या मूळ आराखड्याला नंतर दार जोडलेलं असेल तर हे हमखास दिसतं.

उपाय सोपा आहे. केबिनच्या पहिल्या रांगेतली सीट घ्या. तिच्यापुढे सीट नसते, भिंत असते, त्यामुळे पायाची जागा ऐसपैस करतात. बऱ्याच कंपन्यांना हे कळलंय, आणि त्या या रांगेचे वेगळे पैसे लावतात. लुफ्तान्साने २०२४ मध्ये आणलेल्या अ‍ॅलेग्रिस केबिनमध्ये तर एकाच बिझनेस क्लासमध्ये दारवाली पुढची सीट, जास्त लांब बेडची सीट, जास्त टेबलाची सीट, साधी सीट असे वेगवेगळे प्रकार आहेत. तुमच्या उंचीला लांब बेडची सीट दारवाल्या सीटपेक्षा उजवी ठरेल. पहिल्या रांगेचा तोटा एकच, बाळाचा पाळणा लावायची जागा आणि गॅली, म्हणजे विमानातलं स्वयंपाकघर, बहुतेक तिथेच जवळ असते. झोप सावध असेल तर कानात बोळे घालून झोपा.

प्रश्न : मी एरोनॉटिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. एक साधं सरकतं दार बसवायला कंपन्यांना इतकी वर्षं का लागतात? (छत्रपती संभाजीनगर)

कारण विमानात साधं दार असं काही नसतंच.

अमेरिकेच्या विमान-नियमांतलं कलम २५.८१३ (ई) काढून वाच. त्याचा मथितार्थ असा, की टेक-ऑफ किंवा लँडिंगला प्रवासी ज्या सीटवर बसतो ती सीट आणि आपत्कालीन दरवाजा यांच्यामधल्या वाटेत कोणतंही दार आडवं येता कामा नये. बिझनेस क्लासचं दार नेमकं तेच करतं. म्हणजे प्रत्येक दारवाल्या सीटला या नियमातून सूट मागावी लागते, आणि सूट मिळते ती अटींवर. दार उघडं धरून ठेवायची एक पकड निसटली तरी दुसरी धरून ठेवेल अशी व्यवस्था हवी. आपत्कालात दार बंद होऊन अडकलंच तर आतल्या माणसाला ते तोडून किंवा दुसऱ्या पद्धतीने उघडून बाहेर पडता आलं पाहिजे, आणि ते कमी ताकदीच्या माणसालाही जमलं पाहिजे. दार उघडं अडकलंय की नाही हे क्रूला वाटेतून चालता चालता कळलं पाहिजे. आतला प्रवासी दिसला पाहिजे.

त्याखेरीज सीटच्या नेहमीच्या परीक्षा आहेतच. पुतळा बसवून सीट रुळावरून सोडतात आणि गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट झटका देतात. पुतळ्याच्या डोक्याला बसणाऱ्या माराचा निर्देशांक १००० च्या वर जाता कामा नये. आता तू सीटभोवती भिंत आणि दार उभं केलंस, म्हणजे डोकं आपटायला आणखी एक जागा तयार केलीस. झटक्यानंतर दार वाकून वाट अडवतंय का तेही बघावं लागतं. प्लास्टिकचा प्रत्येक नवा पत्रा जाळून त्यातून किती उष्णता निघते ते मोजावं लागतं. एका भागाचं माप बदललं की यातलं बरंच काही पुन्हा पहिल्यापासून.

ही प्रमाणपत्रं वेळेत मिळाली नाहीत की काय होतं ते २०२५ च्या शरदात लुफ्तान्साच्या नव्या बोईंग ७८७-९ विमानांवर दिसलं. बिझनेस क्लासच्या सीट २८, आणि सुरुवातीला विकायला परवानगी फक्त ४ सीटची. बाकीच्या बसवलेल्या, झाकपाक केलेल्या, पण रिकाम्या उडत होत्या. तिथे अडचण एकट्या दाराची नव्हती, संपूर्ण सीटच्या प्रमाणपत्राची होती. पण सीट जितकी गुंतागुंतीची, तितका हा धोका मोठा.

वजनाचं गणितही आहे. स्विस या विमान कंपनीने ए३३०-३०० विमानांसाठी पुढच्या भागातल्या महागड्या वर्गांची नवी केबिन ठरवली, तर पुढचा भाग इतका जड झाला की तोल राखायला मागे सुमारे दीड टन वजनाची शिशाची पाटी बसवायची वेळ आली. प्रवासी नाही, सामान नाही, नुसतं शिसं, आणि त्यासाठी प्रत्येक फेरीला इंधन जाळायचं. मला हे मनापासून खटकतं. तुझ्या पिढीच्या इंजिनिअरांनी हलक्या सीटवर डोकं लावावं, दाराच्या नक्षीवर नव्हे.

आणि देखभाल. दाराचा खालचा रूळ नेमका तिथे असतो जिथे प्रवाशाच्या हातातून सगळं सांडतं. तपासणीला आलेल्या विमानात त्या रुळात मी खारवलेल्या काजूचे तुकडे, इअरफोनच्या रबरी टोप्या, पेनाची टोपणं, एकदा सोन्याचं कानातलं पाहिलंय. असा एक तुकडा अडकला की दार तिरकं सरकतं, मग खिटी बसत नाही. उघडं धरणारी पकडच नीट बसत नसेल तर ते दार, आणि कधी कधी ती सीटच, दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवावी लागते. टेक-ऑफच्या वेळी केबिनभर जो खुळखुळाट ऐकू येतो त्यातला बराचसा सैल झालेल्या दारांचा असतो.

प्रश्न : बाळ सहा महिन्यांचं आहे, अंगावर पितं. दार असलेली सीट घेऊ का? (डोंबिवली)

परवडत असेल तर घ्या, दूध पाजताना तो आडोसा फार उपयोगी पडतो. पण आधी कंपनीला फोन करून पाळण्याची जागा कुठल्या सीटसमोर आहे ते विचारा, आणि पाळणा व दार यातलं एकच मिळत असेल तर पाळणा घ्या. दार नसेल तर मोठी ओढणी चालते, पाळण्याला पर्याय नाही.

प्रश्न : इंडिगोची स्ट्रेच म्हणजे बिझनेस क्लासच ना? मुंबईहून अ‍ॅम्स्टरडॅमला स्वस्त दिसतेय. (नाशिक)

लांबच्या विमानातला सपाट बेड डोळ्यांसमोर असेल तर नाही. जुलै २०२५ मध्ये इंडिगोने मुंबईहून मँचेस्टर आणि अ‍ॅम्स्टरडॅम सुरू केलं ते भाड्याने घेतलेल्या ७८७-९ विमानांवर. त्यातली स्ट्रेच ही २-३-२ अशी लावलेली, मागे कलणारी रुंद सीट आहे. दिवसाच्या प्रवासाला ती छान आहे. रात्री पाठ टेकून झोपायचंय तर ती चालणार नाही. शेजारी सीट आहेच, आडोसा नाहीच. किंमत त्याच हिशेबाने तोला.

प्रश्न : दारवाली सीट बघून तिकीट काढलं, प्रत्यक्षात जुनंच विमान आलं. पैसे परत मिळतात का? (पणजी)

बहुधा नाही, आणि याचा राग येणं अगदी रास्त आहे. तिकिटात कंपनी तुम्हाला बिझनेस क्लासची जागा देते, अमुक एका प्रकारच्या सीटचं वचन देत नाही. विमान बदलायचा हक्क ती स्वतःकडे ठेवते. तुम्हाला बिझनेसमधून खालच्या वर्गात टाकलं तर गोष्ट वेगळी. डीजीसीए, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या १५ फेब्रुवारी २०२३ पासूनच्या नियमाने देशांतर्गत प्रवासात तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. आंतरराष्ट्रीय प्रवासात १५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, ३५०० पर्यंत ५० आणि त्यापुढे ७५ टक्के. पण वर्ग तोच आणि सीट जुनी, याला हा नियम लागत नाही. लागायला हवा असं माझं ठाम मत आहे. दाराचं चित्र दाखवून पैसे घ्यायचे तर दार नसल्यावर थोडे परतही द्यायला हवेत.

तोवर काळजी आपणच घ्यायची. सीटचा नकाशा उघडून बघा. बिझनेस क्लासमध्ये २-२-२ किंवा २-३-२ दिसलं तर दार नाही, हे पक्कं समजा. एअर इंडियाच्या जुन्या ७८७-८ मध्ये २-२-२ अशा १८ सीट आहेत. या विमानांचं नूतनीकरण २०२५ मध्ये सुरू झालं आणि ते एकेक करून होतंय, म्हणजे एकाच मार्गावर आज नवं, उद्या जुनं असं चालणार. १-२-१ दिसलं तर दार असू शकतं, असेलच असं नाही. कतारच्या ७८७-८ मध्ये १-२-१ आहे आणि दार नाही. नुसतं कंपनीचं नाव बघून तिकीट काढणाऱ्यांची फसगत इथेच होते.

तिकीट काढल्या दिवशी नकाशाचं चित्र फोनमध्ये काढून ठेवा. मग महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि आदल्या दिवशी पुन्हा उघडून ताडून बघा. रांगांची संख्या किंवा तुमचा सीट नंबर आपोआप बदललेला दिसला तर विमान बदललंय. तेव्हाच लगेच फोन करा. काही कंपन्या अशा वेळी दुसऱ्या दिवशीच्या विमानात विनाशुल्क बदल करून देतात, पण तुम्ही मागितलं तरच. चेक-इनच्या काउंटरवर पोचल्यावर मागून उपयोग नसतो, तोवर चांगल्या सीट गेलेल्या असतात.

प्रश्न : मला बंद जागेत जीव घाबरतो. अशा सीटवर गुदमरेल का? (सांगली)

हवेची काळजी करू नका. केबिनची हवा वरून येते आणि खाली बाजूच्या जाळ्यांतून निघून जाते, सीट वरून उघडीच असते, दार लावल्याने ती अडत नाही. घाबरायला होतं ते भिंती जवळ आल्यामुळे. तुम्ही मधली जोडी टाळा, खिडकीची सीट घ्या, आणि बसल्याबरोबर क्रूला सांगून ठेवा की माझं दार पूर्ण प्रवासात उघडं राहू दे. कित्येक जण तसंच सांगतात.

काही विमानांत आळीपाळीने उलट्या, म्हणजे शेपटीकडे तोंड केलेल्या सीट असतात. क्यूस्वीटमध्ये तशा आहेत. तुम्हाला गाडी लागत असेल तर त्या घेऊ नका. नकाशात सीटच्या चित्राची पाठ कुठल्या बाजूला आहे ते बघितलं की कळतं.